गाऱ्हाण्यातलं नाव

रग्बी हा खेळ मला शेवटपर्यंत कळला नाही, आणि तरीही काही वर्षं मी एका रग्बी क्लबाचा सेक्रेटरी होतो. भूगोलाच्या मास्तराला तास कमी असतात आणि अर्ज-विनंत्या लिहिता येतात, अशी आमच्या डिचोलीच्या हायस्कुलात समजूत होती. त्या समजुतीपायी मी पुंडलीक गांवसांच्या तावडीत सापडलो. ते आमच्याकडे पी.टी.चे शिक्षक. माझ्याहून वयाने मोठे, अंगाने बुटके आणि रुंद, आणि दोन्ही कान वाळल्या आमसुलासारखे चुरगळलेले. सैन्यात रग्बी खेळताना कान गेले, असं ते सांगायचे. 'गेले' हा त्यांचाच शब्द, ऐकू मात्र व्यवस्थित यायचं.

सैन्यातून ते परत मुळगावला आले ते अंडाकृती चेंडू घेऊनच. गोव्यात पोर चालायला लागायच्या आधी फुटबॉलला लाथ मारतं, तिथे हा चेंडू पाहून लोकांनी विचारलं, कोण बसलं होतं याच्यावर? मैदान कोणी देईना. मग भात कापून झालं की रिकाम्या शेतांत त्यांनी पोरं पळवायला सुरुवात केली. खुंट पायाला टोचायचे, म्हणून पोरं आपोआप गुडघे वर उचलून धावायची, आणि मास्तर म्हणायचे की हे शिकवायला सैन्यात त्यांना किती घाम गाळावा लागला होता.

या खेळाचा मला समजलेला नियम एकच. चेंडू हाताने पुढच्या गड्याकडे टाकायचा नाही. स्वतः पुढे धावायचं आणि द्यायचं ते मागच्याला. मास्तर हे दिवसातून शंभरदा सांगायचे, "फुडें धांव, फाटी दी." मैदानावर तर सांगायचेच, पण स्टाफरूममध्येही. चहाचा ट्रे आला की ते पहिला कप मागच्या बाकावर बसलेल्या शिपायाकडे सरकवायचे. एखादा माजी विद्यार्थी पेढे घेऊन आला, नोकरी लागली म्हणाला, की पाठीवर थाप मारून विचारायचे, "बरो धांवलंस. फाटी कोणाक दिलंस?" पोरगा गोंधळायचा. पेढे मात्र सगळ्यांना मिळायचे.

खुर्चीवर बसलेले ते मला आठवत नाहीत. मैदानाच्या कडेला उकिडवे बसायचे, शेजारी पेजेची किटली. ओरडायचे नाहीत. कोणी ढिसाळ खेळला तर त्याला जवळ बोलावून फक्त म्हणायचे, "मगे?" म्हणजे, मग? पुढे काही नाही. तो गडी काय ते समजायचा आणि लालबुंद होऊन परत जायचा. मला स्वतःला त्या 'मगे'ची भीती वाटायची, आणि मी तर खेळतही नव्हतो.

पण पुंडलीक मास्तर म्हटलं की आधी आठवतं ते त्यांचं गाऱ्हाणं. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवापुढे नारळ ठेवून मोठ्याने सांगणं करतात. एकजण बोलतो आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे 'होय म्हाराजा' म्हणतात. पुढे आम्हाला मैदान मिळालं, त्याच्या कोपऱ्यात चाफ्याखाली त्या जागेच्या राखणदाराचा दगड होता. सामन्याआधी सगळा संघ तिथे डोकं झाकून उभा राहायचा. मास्तर गाऱ्हाणं घालायचे. त्यांचा दंडक असा की संघाला ज्याने ज्याने काही दिलं त्याचं नाव गाऱ्हाण्यात यायचं आणि त्याचं बरं मागायचं. नाव घेतल्याशिवाय घेतलेली वस्तू ही चोरीची, असं ते म्हणायचे.

सकाळच्या सरावाला पाववाला बोस्त्यांव पोदेर सायकलवरून यायचा आणि फेरीतून उरलेले पाव पोरांना देऊन जायचा. त्याचं नाव गाऱ्हाण्यात आलं. मंदिर कमिटीतले एक वडीलधारे गृहस्थ रागावले. किरिस्तांवाचं नाव आपल्या राखणदारापुढे कशाला, असं त्यांनी मला गाठून विचारलं, कारण मास्तरांना विचारायची छाती नव्हती. मी निरोप पोचवला. मास्तरांनी किटलीतली पेज ढवळत सांगितलं, "तेचो पाव पोटात गेलो, आनी नाव भायर रवलां? सांग तेंका, राखणदाराक पाव आवडता." पुढच्या सामन्याला बोस्त्यांव स्वतः टोपी काढून मागे उभा होता, आणि 'होय म्हाराजा' त्याचंच सगळ्यांत खणखणीत.

दुसरा प्रसंग बारवाल्याचा. संघाला पहिले शर्ट दिले ते नाक्यावरच्या बारने, पाठीवर बारचं नाव छापून. पालक-शिक्षक सभेत त्यावरून आग पाखडली गेली. पोरांच्या पाठीवर दारूचं दुकान! हेडमास्तर म्हणाले, शर्ट परत करा. मास्तर म्हणाले, आधी गाऱ्हाणं घालू, मग बघू. बारवाल्याला मुद्दाम बोलावलं. सगळी नावं झाल्यावर मास्तरांनी त्याचं घेतलं. "ह्या माणसान आमका कापड दिलां, तेच्या धंद्याक बरकत दी म्हाराजा. पूण ती बरकत आमच्या पोरांच्या खिशांतल्यान येवची नाय, अशी कर." पोरांच्या आधी बारवाला स्वतःच सवयीने 'होय म्हाराजा' म्हणाला, मग त्याच्या लक्षात आलं आणि कपाळावर हात मारला. पण त्यानंतर क्लबाच्या पोराला त्याने कधी ग्लास दिला नाही. कोणी हट्ट केला तर म्हणायचा, 'होय' म्हणून बसलोय रे, काय करू?

हे सगळं हौशी खेळाच्या दिवसांतलं. मग खेळात पैसा आला. सात-सात जणांच्या रग्बीची व्यावसायिक लीग निघाली, खेळाडूंना पगार, टीव्हीवर सामने. उत्तर गोव्याचा संघ उभा राहिला तो आमचाच क्लब फुगवून, आणि मास्तर निवृत्त झालेलेच होते, ते प्रशिक्षक झाले. पगार घेऊन खेळणाऱ्यांत कप्तान होता दीपक सावंत. मूळचा सिंधुदुर्गातला, पण लाटंबार्श्यात वाढलेला. बाप खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर. खेळासाठी दीपकने कारखान्यातली कायम नोकरी सोडली होती, आणि त्याच्या घरात याबद्दल कोणी त्याला माफ केलेलं नव्हतं.

लीगचा नियम होता की मुख्य प्रायोजक नसेल तर संघ उतरवता येणार नाही. एक कॅसिनोवाला येऊन गेला, त्याला समुद्रकिनाऱ्यावरचा संघ हवा होता. शेवटी आली ती कंपनी. डिचोलीत नुसतं 'कंपनी' म्हटलं की खाण कंपनी हे सांगावं लागत नाही, आणि कुठली ते मी इथे लिहीत नाही. शर्ट आले. लोहमातीच्या रंगाचे, छातीवर कंपनीचं नाव आणि खाली 'मातीशी नातं' असं घोषवाक्य. संघाच्या मालकांना ते फार आवडलं.

मास्तरांचं शेत मुळगावात, खाणीने उपसून टाकलेल्या मातीच्या डंपाखालच्या उतारावर. दर पावसाळ्यात डंपावरून लाल गाळ वाहून यायचा आणि शेतात बसायचा. बांध दिसेनासा झाला, मग शेतही. वरच्या अंगाला एक झर होती, खाणीचा खड्डा खोल गेला तशी ती आटली. अर्ज, बैठका, पाहण्या, सगळं झालं होतं. बऱ्याच वर्षांत त्या शेतात भात नव्हतं. मी हे सांगतोय ते शांतपणे, पण मास्तर ते कधी सांगतच नसत. एकदा मी त्यांच्यासोबत शेतावर गेलो होतो, तेव्हा गाळात काठी खुपसून ती कुठवर आत जाते ते त्यांनी मला दाखवलं आणि काठी पुसून परत निघाले.

ते राजीनामा देतील असं मला वाटलं होतं. दिला नाही. दिला असता तर संघ त्यांच्यावाचून चालला असता आणि पोरं कोण्या परक्याच्या हाती गेली असती. त्यांनी शर्ट मात्र अंगात घातला नाही, जुन्या बारवाल्या शर्टातच कडेला बसायचे.

घरच्या मैदानावरचा पहिला सामना आला. चाफ्याखाली सगळे जमले. मास्तरांनी पोदेराचं नाव घेतलं, पाणी देणाऱ्याचं घेतलं, गवत कापणाऱ्याचं घेतलं. मग थांबले. सगळ्यांना माहीत होतं आता कोणाचं नाव यायचं ते. छातीवर तर होतंच. मास्तर दगडाकडे बघत राहिले आणि मग एकदम, चुकलं-माकलं सांभाळून घे म्हाराजा, म्हणून त्यांनी नारळ फोडला. 'होय म्हाराजा' उठलं ते अर्धवट.

सामना हरलो. हरणं आम्हाला नवीन नव्हतं. पण त्यात दीपकचा खांदा निखळला, आणि गावात काय बोललं जाणार हे सांगायला नको. दुसऱ्या दिवशी तो गळ्यात हात बांधून मास्तरांकडे आला. मी तिथेच होतो. तो रागावलेला नव्हता, हिशेब मिटवायला आल्यासारखा बोलत होता.

"सर, एक तर नाव घेया, नाय तर शर्ट काडूक सांगा. तुमीच शिकवलास, नाव घेतल्याबगर घेतलेला चोरीचा. आमी काल चोरीचो शर्ट घालून खेळलो."

दीपकने गळ्यातला हात सावरला.

"माझ्या बापाशीन त्येंचो ट्रक चालयलो. आमी त्येंचा खाल्लां सर. माका त्येंचा नाव घेवक लाज नाय."

"माझ्या शेतानय त्येंचाच खाल्लां," मास्तर म्हणाले. "अजून पचूक नाय."

दीपक हसला नाही. तो निघाला तेव्हा मास्तर त्याला दारापर्यंत पोचवायला गेले. मला वाईट वाटलं. दोघंही बरोबर होते, आणि अशा वेळी सेक्रेटरीने करण्यासारखं काही नसतं.

पुढचा पेच मीच घेऊन आलो, म्हणजे तो निरोप माझ्या हाती आला. कंपनीच्या प्रसिद्धी खात्यात राऊळ नावाचे साहेब होते, सावंतवाडीकडचे, गोरेपान, चष्मा, बोलायला गोड. कोणीतरी मोबाईलवर काढलेलं आमचं गाऱ्हाणं त्यांनी पाहिलं होतं. त्यांना ते इतकं भावलं की त्यावर कंपनीची जाहिरात करायची ठरली. पुढच्या सामन्याआधी कॅमेरे येणार, मास्तरांनी पारंपरिक पद्धतीने गाऱ्हाणं घालायचं, त्यात कंपनीचं नाव घेऊन तिचं बरं मागायचं. नाव स्पष्ट उच्चारावं, एवढीच अपेक्षा. राऊळ हे सगळं मला फार आदराने सांगत होते. शेवटी हलकेच असंही म्हणाले की पुढच्या मोसमाचा करार व्हायचा आहे, वरच्यांना ही जाहिरात आवडली तर सोपं जाईल. मी ते जसंच्या तसं मास्तरांना सांगितलं.

त्यांनी बराच वेळ किटलीचं झाकण पुसलं.

"परबबाब," ते मला म्हणाले, "शर्टार नाव घातलां, ता आमच्या आंगार. गाऱ्हाण्यात नाव घालतत, ता राखणदाराच्या आंगार. हेंका फरक कळता?"

मी म्हटलं, राऊळ कोकणातले आहेत, त्यांना कळत असावा.

"मगे?" मास्तर म्हणाले.

 नाही म्हटलं तर दीपकसकट सगळ्यांचा करार जायचा. होय म्हटलं तर ज्याने शेत बुजवलं त्याचं भलं स्वतःच्या तोंडाने मागायचं, तेही लोकांना दाखवण्यासाठी. मी त्यांना सुचवलं की तोंडाने म्हणा, मनात दुसरं धरा. ते माझ्याकडे असे पाहत राहिले की मी विषय बदलला. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. गाऱ्हाणं घालीन म्हणाले. फक्त राऊळसाहेबांनी कॅमेऱ्याच्या मागे न राहता सगळ्यांबरोबर डोकं झाकून उभं राहावं. देणारा हजर पाहिजे, बारवाला नव्हता का? राऊळांना यात काही वावगं दिसलं नाही. उलट आनंद झाला.

त्या दिवशी चाफ्याखाली ही गर्दी. राऊळ पहिल्या रांगेत, डोक्यावर पांढरा रुमाल. शेजारी दीपक, हात अजून गळ्यात. मास्तरांनी नेहमीसारखी सुरुवात केली. पोदेर झाला, पाणीवाला झाला, गवतवाला झाला. मग त्यांनी कंपनीचं नाव घेतलं. अख्खं, स्पष्ट, जसं छातीवर होतं तसं. कॅमेरावाला एक पाऊल पुढे आला.

"बा राखणदारा म्हाराजा, हेणीं आमच्या पोरांक कापड दिलां, पोटाक दिलां. हेंचा बरां कर म्हाराजा."

होय म्हाराजा.

"पोरांविशीं जशी माया हेंच्या मनात घातलंस, तशीच शेतांविशीं घाल म्हाराजा."

होय म्हाराजा.

"हेंच्या डंपावयलो गाळ आमच्या शेतात इलो. तो काडून न्हेवची बुद्धी आनी बळ हेंका दी. आटलेली झर हेंच्याच हातान व्हांवती कर. आनी तोवर ह्या पोरांक हेंचा नाव छातयेर घेवन खेळताना मान खाली घालूक लावू नुको म्हाराजा."

 आधी एकच आवाज आला. होय म्हाराजा. तो राऊळांचा होता.

सवय ही अशी असते. लहानपणापासून ज्याने देवळात, शेतात, पालखीपुढे रुमाल बांधून 'होय म्हाराजा' म्हटलंय, त्याच्या तोंडून ते 'म्हाराजा' ऐकताच निघतं, आधी विचार करायला सवड मिळत नाही. त्यांच्यामागे दीपकचा आवाज आला, मग बोस्त्यांवचा, मग सगळ्या मैदानाचा. राऊळांचा चेहरा मी कडेने पाहत होतो. गोरा होता तो आणखी पांढरा पडला. मास्तरांनी नारळ फोडला आणि खोबऱ्याची पहिली शिरणी राऊळांच्याच हातावर ठेवली.

त्या दिवशी सामना जिंकलो की हरलो, मला आठवत नाही. जाहिरात अर्थातच निघाली नाही. मोसम संपला आणि करार वाढला नाही. कंपनीने कारण दिलं नाही, आम्हीही विचारलं नाही. संघ मोडला. तिघा-चौघांना दुसऱ्या राज्यांच्या संघांनी उचललं, दीपकच्या खांद्याने त्याला कोणी घेतलं नाही. तो बापासारखा गाडीवर चढला, खाणीच्या नव्हे, भाजीच्या. मास्तर बरोबर वागले असं मला सरळ म्हणवत नाही. मी तसं म्हणून पाहिलं तेव्हा त्यांनीच मला अडवलं. दीपकाचां माझ्या माथ्यार आसा, म्हणाले, आणि दुसऱ्या कशावर बोलू लागले.

मधे एकदा राऊळांचा मला फोन आला. क्लबाच्या उरलेल्या कामासाठी असावा असं वाटलं. इकडचं तिकडचं बोलले, आणि मग घुटमळत विचारलं की त्यांनी म्हटलेलं ते 'होय', ते धरलं जातं का? म्हणजे कंपनीच्या वतीने की त्यांचं एकट्याचं? वरच्यांशी गाळाचा विषय काढून पाहिला म्हणाले, कोणी ऐकत नाही. घरी आईला सांगितलं तर ती दोन दिवस धड जेवली नाही. मी भूगोलाचा मास्तर, मी काय सांगणार? मी मास्तरांचा नंबर दिला. मास्तरांनी त्यांना काय सांगितलं ते मला माहीत नाही.

मास्तरांना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या एका रविवारी, पावसाच्या तोंडावर. शिरगावला एका लग्नाला जाताना मुळगावच्या रस्त्यावरून चाललो होतो. खाली त्यांच्या शेतात माणसं दिसली म्हणून स्कूटर थांबवली.

वरच्या कोपऱ्यात मास्तर फावड्याने गाळ काढत होते. अंगात कंपनीचा शर्ट, छातीवर 'मातीशी नातं'. गाऱ्हाण्यात नाव घेतलं, मग आता घालायला हरकत नव्हती. त्यांच्या मागे जुन्या संघातले चार-पाच जण ओळीने उभे होते, तेच शर्ट घालून. भरलेलं घमेलं एकाकडून मागच्याकडे, त्याच्याकडून आणखी मागच्याकडे, असं रस्त्याकडेपर्यंत येत होतं. दीपक त्यात होता, दुखऱ्या खांद्याच्या बाजूने घमेलं घेत नव्हता. काढलेली जागा एखाद्या खोलीएवढी असेल. पावसात पुन्हा गाळ येणार हे मलाही दिसत होतं.

मास्तरांच्या लगेच मागे जो उभा होता, त्याच्या अंगात शर्ट नव्हता. म्हणजे संघाचा नव्हता. इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्याला पांढरा रुमाल, चष्मा नाकावर घसरलेला. घमेलं धरायची सवय नसलेला माणूस लांबूनही ओळखू येतो. तरी तो कोण हे ओळखायला मला थोडा वेळ लागला, कारण राऊळसाहेबांना मी चिखलात कधी पाहिलं नव्हतं.

मास्तरांनी घमेलं भरलं आणि मागे न बघता मागे दिलं. राऊळांनी ते दोन्ही हातांनी पोटाशी धरलं आणि वळून दीपककडे दिलं.